चौतीस पूर्णांक पाच

१९ मार्च २००३

काठी मिळाली. झिंगू सुताराने सागाची घासून दिली, बरोबर एक मीटर. मी त्याच्यासमोरच टेप लावून बघितली, तर त्याला राग आला. ‘बाई, माह्यावर भरोसा नाई का?’ नाही! परवा तीस देशांत काठ्या उभ्या राहणार आहेत. त्यात खडकटोल्याची आखूड निघायला नको.

लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही. एकवीस मार्चला दिवस-रात्र सारखी. त्या दिवशी भर दुपारी सगळीकडच्या प्राथमिक शाळा एक मीटर काठीची सावली मोजणार, आकडा ई-मेलने पाठवणार, आणि सगळ्यांच्या सावल्या मिळून पृथ्वीचा घेर निघणार. आमच्या शाळेत वीज नाही. दुसरे गुरुजी प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मी एकटी आणि एकोणीस मुलं. ई-मेल दर शनिवारी चंद्रपूरला घरी गेले की करते. धाकटा भाऊ जिशान जटपुरा गेटजवळ तीन कॉम्प्युटर टाकून कॅफे चालवतो. आमच्या वर्गाची जोडी चिलीतल्या समुद्रकाठच्या एका वर्गाशी लागली आहे. तिथल्या बाईंचं नाव मार्ता. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं आहे, त्यामुळे छान जमतं.

२० मार्च

केंद्रावर बैठक. तेवीस शाळा. केंद्रप्रमुख डोमाजी सरांनी प्रकल्पाच्या पुस्तिकेची झेरॉक्स वाटली. शेवटच्या पानावर भरलेला नमुना फॉर्म आहे: सावली ४२ सेंटिमीटर. सर म्हणाले, ‘मार्चएंड हाय. उन्हात कोण पोरं उभी करते? नमुन्यात हाय तेच भरा. सगळ्यायचं एकसारखं गेलं पाह्यजे.’

आणि सगळ्यांनी भरलं! माना खाली, पेन बाहेर. मी म्हटलं, सर, खाली बारीक अक्षरात लिहिलंय, हा नमुना दुसऱ्याच देशातला आहे. ‘ते कोण वाचते, मॅडम?’

मी वाचते. मी फॉर्म कोराच परत आणला.

२१ मार्च

सकाळची शाळा, अकराला सुटते. मोहफुलांचे दिवस, अर्धी मुलं पहाटेपासून झाडाखाली वेचून दमलेली. तरी सगळी थांबली. चौथीतल्या पुनमला न्यायला तिचे वडील लटारूभाऊ आले. ‘पोरीले सोडा बाई, मोह वाळू घालाचा हाय.’ म्हटलं, पाच मिनिटं थांबा. ते दीड तास थांबले.

काठी मीच अंगणात ठोकून उभी केली, ओळंबा लावून सरळ केली. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी पुनम सावलीच्या टोकाला गोटा ठेवत होती. सावली आखडत गेली. बारा वीसला सगळ्यात लहान, मग पुन्हा वाढायला लागली. लटारूभाऊ म्हणाले, ‘बाई, तुमची घडी पुढं हाय. दुपार त आत्ता झाली.’ बरोबर आहे त्यांचं. घड्याळ सरकारचं, सूर्य खडकटोल्याचा.

३४.५. चौघांनी मोजली. चारदा तेच. मुलं शिट्ट्या वाजवत पळाली.

२२ मार्च

पाठवलं. जगाचा तक्ता पडद्यावर उघडला तर आमच्या केंद्राच्या नावाखाली बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस — बावीस वेळा — आणि तळाशी एकटं ३४.५. डोमाजी सरांनी बाकीच्यांचे फॉर्म एका दमात पाठवून दिले होते. जिशान खुर्चीत मागे रेलून म्हणाला, ‘आपा, बावीस एक तरफ, तू एक तरफ. तू तो गई.’

बघू कोण जातं ते.

२५ मार्च

डोमाजी सर मोटरसायकलवरून शाळेत. मुलांसमोर ओरडले नाहीत, एवढं मानते. बाहेर बोलावलं. ‘मॅडम, तुमच्या एका आकड्यानं बावीस शाळा खोट्या दिसून राह्यल्या.’

‘दिसून राहिल्या नाहीत सर, आहेत.’

हे मी तोंडावर बोलले! सर हळू आवाजात म्हणाले, मोजताना चूक झाली असं लिहून पाठवा, बेचाळीस करा, विषय संपला. नाहीतर बदल्यांची यादी निघतेच आहे, जिवतीच्या पहाडात एक जागा रिकामी आहे. माणूस वाईट नाही. त्याच्यावर साहेब आहेत, साहेबांवर साहेब आहेत, आणि एकानेही काठी उभी केलेली नाही.

मुलांनी उन्हात उभं राहून जन्मात पहिल्यांदा जगाला काही सांगितलं, आणि मी सांगू की चुकून बोलली पोरं? मरेन पण नाही सांगणार.

२९ मार्च

मार्ताबाईंचं पत्र!!! त्यांची सावली ३४.६! आमची ३४.५! त्यांचं गाव विषुववृत्ताच्या खाली तेवढंच लांब, जेवढं आमचं वर. आमची सावली उत्तरेला पडते, त्यांची दक्षिणेला. मी कॅफेत इतक्या जोरात टाळी वाजवली की दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

अम्मीला सांगितलं. ‘एका सावलीपायी नोकरी घालवशील काय, निशात?’ म्हटलं, अम्मी, आता मी एकटी नाही. नमुन्याकडे बावीस शाळा, माझ्याकडे समुद्रापलीकडचा अख्खा वर्ग.

३१ मार्च

मुलांना सगळं सांगितलं, बाकीच्या शाळांनी नमुनाच भरला तेही. मडकं उपडं घालून वर खडूने खडकटोला, खाली चिली. ‘त्यायची सावली उलटी काऊन पडते, बाई?’ तासभर तेच चाललं. गणिताचा तास बुडाला, की तोच गणिताचा होता, कोण जाणे.

२ एप्रिल

केंद्रावरून लेखी खुलासा मागवला. तीन दिवसांत.

३ एप्रिल

दिला. एकाच ओळीचा: ‘आकडा मुलांनी मोजला आहे, बरोबर आहे, कोणत्याही परिस्थितीत बदलणार नाही.’ खाली माझी सही. एकोणीस मुलांनी मागितलं म्हणून त्यांच्याही सह्या. पहिलीतल्या दोघांनी अंगठ्याएवढं नाव लिहायला अर्धं पान खाल्लं. चिलीच्या पत्राची प्रत जोडली. जाम खूश आहे मी आज. गर्वाचं घर खाली म्हणतात, म्हणोत!

७ एप्रिल

कसं लिहू.

शाळा सुटल्यावर पुनम काठी घेऊन आली. अंगणात बैल फिरतात म्हणून तिने उपटून ठेवली होती. म्हणाली, ‘बाई, हे पाहा.’ काठीच्या बुडाला लाल माती, तीन बोटं वरपर्यंत.

‘एवढी त मातीत होती. मंग सावली वरच्याचीच पडली नं?’

मी टेप लावली. पाच सेंटिमीटर. म्हणजे आमची काठी एक मीटर नव्हतीच, पंच्याण्णव होती. झिंगूवर संशय घेतला, टेप लावून बघितली, आणि मग माझ्याच हाताने पाच सेंटिमीटर जमिनीत घातली. काठी मी ठोकली. मी! मुलांनी जे मोजलं ते बरोबर मोजलं. मोजायला मी चुकीचं दिलं.

पहिला विचार काय आला ते खरं लिहिते, इथे तरी. कोणाला कळणार? पुनमला सांगितलं, कोणाला बोलू नको, तर ती बोलणार नाही. खुलासा गेला आहे, सही आहे, ‘कोणत्याही परिस्थितीत’ असं माझ्या हस्ताक्षरात आहे. डोमाजी सर हसतील. बावीस शाळा हसतील. मी नखाने काठीची माती खरवडायला लागले.

पुनम माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, ‘मंग आपणबी नमुनाच भरला का, बाई?’

८ एप्रिल

सकाळी फळ्यावर त्रैराशिक मांडलं. पंच्याण्णवच्या काठीला ३४.५, तर शंभरच्या काठीला किती? चौथीने सोडवलं. ३६.३.

मग सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी. मागून कोणीतरी म्हणालं, ‘मंग बाईले अंगठे धराले लावाचे का?’ धरले मी! एक मिनिट. हसून हसून मुलं लोळली आणि मला जरा बरं वाटलं.

१० एप्रिल

केंद्रावर स्वतः गेले. दुसरा खुलासा दिला: पहिला चुकीचा होता, काठी मी पाच सेंटिमीटर गाडली, खरा आकडा ३६.३.

डोमाजी सर आधी हसले. ‘बदललाच नं शेवटी? मंग बेचाळीसच टाका नं आता.’

‘नाही सर. छत्तीस पूर्णांक तीन.’

‘कोणी विचारलंबी नाई, तरी चूक लिहून देता? पागल हाव काय तुम्ही?’

विचारलं ना, म्हटलं. चौथीतल्या पोरीने विचारलं. साहेबांच्या सांगण्यावरून एक मिलिमीटर हलवला नसता, तिच्यासाठी हलवते. सरांनी कागद दोनदा वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. चहा मागवला. तो मी प्यायले.

१२ एप्रिल

मेल गेली. प्रकल्पवाल्यांना एक, मार्ताबाईंना एक. पुनम सांगत गेली तसं मी शाळेत लिहून घेतलं होतं, आज जिशानने इंग्रजी नीट करून दिलं. काठी किती लांब हे महत्त्वाचं नाही, जमिनीच्या वर किती आहे ते पाहा, असं तिचं म्हणणं. मार्ताबाईंना वाईट वाटेल. सारख्या सावल्यांवर त्यांच्या मुलांनी चित्रं काढली होती, दोन काठ्या आणि मधे समुद्र. आता आमची ३६.३, त्यांची ३४.६. जोडी फुटली.

१६ एप्रिल

बदलीची यादी. जिवती. जाईन.

१९ एप्रिल

मार्ताबाईंचं पत्र. पुनमचं म्हणणं वाचून त्यांच्या मुलांनी काठी उपटली. त्यांचीही सहा सेंटिमीटर वाळूत होती. ज्या सारखेपणावर मी नाचले, तो दोन्हीकडचा सारखाच खोटा! त्यांचा नवा आकडा ३६.८.

खाली प्रकल्पवाल्यांची मेल, तीस देशांतल्या सगळ्या शाळांना एकच: ‘तक्ता थांबवला आहे. आपापली काठी उपटून बघा. सूचना — पुनम, इयत्ता चौथी, खडकटोला.’