परत फिरवलेली अकरा पत्रे

मी, ऑरिन ट्रॅस्क, वय एकावन्न, धंदा वर्तमानपत्रांना बातमीपत्रे पाठवण्याचा, राहणार चार्ल्स्टन, दक्षिण कॅरोलायना, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहितो. बुद्धी शाबूत आहे. यकृताबद्दल डॉक्टरांचे मत निराळे आहे.

कलम १. राहते घर भाची ड्रुसिलाला. छप्पर गळते, तेही वारशातच धरावे.

कलम २. लोकरी कोट थोरला भाऊ जोथम याला. कापड त्याच्या ऱ्होड आयलंडच्या गिरणीचे, शिवण मेव्हणा लॅम्बर्टच्या शिंप्याची. उत्तर-दक्षिणेची एवढीच एकी उसवली नाही.

कलम ३. कबुली. परदेशी कापडावर जबर जकात बसली तेव्हा जोथमचे फावले आणि परदेशी गिऱ्हाईक घटून इथे कापसाचा व्यापार करणारा लॅम्बर्ट होरपळला. आमचा प्रांत तर संघराज्यातून फुटायला निघाला. त्या सुमारास तिकडच्या वर्तमानपत्रात ‘गिरणीमित्र’ आणि इकडच्या वर्तमानपत्रात ‘खरा दक्षिणी’ या नावांनी जहाल लेख आले. दोघांनी ते एकमेकांचे समजून संबंध तोडले. दोन्ही लेख माझे. कापूस वेचणाऱ्या गुलामांविषयी मात्र मी कोणत्याच नावाने ओळ लिहिली नाही. तो दोष याहून मोठा.

कलम ४. तरी जोथम आमच्या धाकट्या बहिणीला, लॅम्बर्टची बायको केझायाला, पत्रे लिहीत राहिला. टपालहशील घेणाऱ्याने द्यायचे असते. पोस्टमास्तरांनी लॅम्बर्टला विचारले, “मेव्हण्याचं पत्र आलंय, घेताय ना?”

“त्यांच्या कापडापायी जकात भरतोय तेवढं पुरे. आता शब्दांवरही भरू?”

मी मागेच उभा होतो. हशील भरून पत्र खिशात टाकले. अशी अकरा झाली. केझाया दर रविवारी म्हणते, “दादाला मी मेलेच रे, ऑरिन.” मी मान खाली घालून सूप पितो. पत्रे दिली असती तर दोघांचे बोलणे होऊन माझे लेखही उघडे पडले असते.

ही पत्रे माझी मालमत्ता नव्हे, तिचीच आहेत. म्हणून हे दान नव्हे. माझ्या मरणाची वाट न पाहता आजच तिला पोचवावीत. लॅम्बर्टने दर रविवारी एक, जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचावे. नव्या तडजोडीत जकातही नऊ वर्षांत पायरीपायरीने उतरायची आहे. या दोघांचा राग उतरायला अकरा आठवडे पुरावेत.

कलम ५. लॅम्बर्टला काही नाही. त्यामुळे साक्षीदार होण्यास तो पात्र ठरतो.

चार्ल्स्टन, ९ एप्रिल १८३३
ऑरिन ट्रॅस्क

साक्षीदार:
१. फिलेमन ग्रिग्ज, पोस्टमास्तर
२. लॅम्बर्ट दुबोस. वाचून सही केली. ऑरिनशी महिनाभर बोलणार नाही. बारावे पत्र आले तर हशील मी देईन.