अर्जदाराच्या बोटांत जादा वीज नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
किरणदीप दिवे जुळणी व प्रशिक्षण केंद्र,
कुडवा, ता. व जि. गोंदिया.

अर्जदार : कु. अल्का बकाराम शहारे, जुळणी कामगार, टेबल क्र. ४, रा. मुर्री.

विषय : अर्जदाराच्या बोटांत जादा वीज नसल्याबाबत, तसेच बोटांच्या टोप्यांची खरेदी बोटे मोजून करण्याबाबत.

संदर्भ : १) फलकावरील आपली सूचना, दि. २९ डिसेंबर २०१४.
२) अर्जदाराचा त्याच दिवशीचा तोंडी खुलासा (निम्मा ऐकून घेतलेला).

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही दीड वर्षापासून केंद्राच्या स्वच्छ कक्षात कामास आहे. या कक्षात चपला बाहेर, केस टोपीत आणि बोलणे कमी, अशी शिस्त आहे. तेथे चौदा महिला दिव्यांच्या सर्किट प्लेटवर तांदळाच्या कणीएवढ्या चिपा बसवितात. चिपेला बोटाचा घाम चालत नाही आणि अंगात साठलेली स्थिर वीजही चालत नाही. ही वीज माणसाला बहुधा जाणवत नाही, पण चिप मरते, आणि मेलेली चिप दिसायला जिवंत चिपेसारखीच असते. म्हणून मनगटाला पट्टा बांधून त्याची तार जमिनीशी जोडतात व बोटांच्या टोकांवर रबरी फिंगर कॉट चढवितात, ज्यांना आम्ही सर्वजणी टोप्या म्हणतो. या अर्जातील शास्त्र एवढेच आहे.

दिवाळीनंतर टोप्यांचा जुना साठा संपला. भांडारपाल श्री. शालीकराम कटरे यांनी पहिल्या खेपेस कार्यालयात कागद चाळायला वापरतात तसल्या खरबरीत टोप्या आणल्या. त्यांच्या खाचांत चिपा अडकून बसत. सहकारी सौ. दुर्गा रहांगडाले यांच्या एका बोटातून संध्याकाळी सहा चिपा निघाल्या. दुसऱ्या खेपेस श्री. शालीकराम औषधाच्या दुकानात गेले. दुकानात गर्दी असल्याने त्यांनी दबक्या आवाजात, "रबरच्या टोप्या पाहिजेत, चौदा बायांसाठी," अशी मागणी केली. दुकानदाराने त्यांना बाजूला नेऊन कुटुंबनियोजनाचे पत्रक दिले. या प्रसंगाने श्री. शालीकराम इतके खचले की, पुढे कोणताही प्रश्न न विचारता हाती पडल्या त्या टोप्या घेऊन ते परतले. त्या टोप्यांना आतून पांढरी भुकटी होती. ती दोन दिवस स्वच्छ कक्षात पिठाच्या गिरणीसारखी उडाली. शिवाय साध्या रबरातून अंगातील वीज बाहेर निघत नाही, उलट घासून घासून त्याच्यावरच साचते.

तिसऱ्या खेपेस नागपूरहून योग्य जातीच्या टोप्या आल्या : काळ्या, भुकटी नसलेल्या, वीज हळूहळू वाहून नेणाऱ्या. मात्र त्या सर्वच्या सर्व मोठ्या मापाच्या होत्या. चौकशीअंती असे समजले की, मागणीपत्रातील मापाच्या रकान्यात काय भरावे हे न सुचल्याने श्री. शालीकराम यांनी स्वतःचा अंगठा मोजला होता. टोप्या आमच्या बोटांवरून गळू लागल्या. एक टोपी दिव्याच्या आत बंद झाली व तपासणीत तिची नोंद 'अळी' अशी झाली. यावर आपण टोप्या दोऱ्याने बांधण्याचा आदेश दिलात. तो तंतोतंत पाळला असता जेवणाच्या सुट्टीपर्यंत चौदाही जणींची बोटे निळी पडली. सौ. दुर्गा यांनी आपणांस बोटे दाखवून, "बोटं होत साहेब, भेदऱ्याचे झाडं नोहोत काडीले बांधाले," (भेदरे म्हणजे टोमॅटो) असे निवेदन केल्याचे आपणांस स्मरत असेलच.

डिसेंबरात थंडी वाढली, हवा कोरडी पडली, आणि सातशे प्लेटींपैकी एकसष्ट मेलेल्या निघाल्या. त्यांतील अठ्ठेचाळीस एकट्या टेबल क्र. ४ च्या, म्हणजे अर्जदाराच्या होत्या. दि. २९ रोजी अर्जदार ती नोंदवही घेऊन आपल्या दालनात आली. आपण खुर्चीवरून उठून वही घेण्यास हात पुढे केलात, तोच आपल्या व अर्जदाराच्या बोटांमध्ये चटकन ठिणगी उडाली. आपण मागे सरून, "हटाओ इसको, करंट मार रही है!" असे म्हणालात. करंट अर्जदारासही लागला होता. खुलाशाचा हा निम्मा भाग ऐकून घेण्याचा राहिला.

त्यानंतर श्री. शालीकराम यांनी वायरमनचा टेस्टर आणून अर्जदाराच्या दहाही बोटांना लावला व शेरा लिहिला : "दिवा लागला नाही, तरी संशय आहे." सायंकाळी फलकावर सूचना लागली की, कु. अल्का शहारे यांनी पुढील आदेशापर्यंत कोणत्याही प्लेटला हात लावू नये. अर्जदाराची नेमणूक चपलांच्या रॅकजवळील बाकावर झाली. तेथे काय काम करायचे, हे कळविण्यात आले नाही.

अर्जदाराने घरी हा किस्सा हसत सांगितला. आई हसली. वडील श्री. बकाराम हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मुर्रीहून सायकलने केंद्रात आले, फलकासमोर उभे राहिले आणि अक्षराखाली बोट धरून ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "आमाले हात लावू नोका मनून तोंडानं सांगत होते, बाई. लिहून लावलेलं आजच पायलो." एवढे बोलून ते पाणीही न पिता परत गेले. साहेबांच्या मनात फक्त वीजच होती, हे अर्जदारास पूर्ण मान्य आहे. वडिलांनाही तिने तसे समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

यापुढील तपास अर्जदाराने बाकावर बसल्या बसल्या केला, कारण दुसरे काम नव्हते. तिने पाहिले की, बाकीच्या टेबलांच्या तारा खिडकीतून खाली आवारात जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीपर्यंत जातात. टेबल क्र. ४ ची तार मात्र खिडकीतून गॅलरीत वळते. तिचा माग काढीत अर्जदार गेली, तेव्हा ती तार क्रोटनच्या कुंडीत खोचलेली आढळली. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. रंगकामाच्या वेळी तुटलेली तार कोणी तरी सोयीने तेथे लावली होती. विचारणा केली असता श्री. शालीकराम म्हणाले, "माती तं मातीच राह्यते बाई. कुंडीतली का, अन् जमिनीतली का!" याचा अर्थ असा की, अर्जदार दोन महिने मनगटाला पट्टा बांधून एका झाडाशी जोडलेली होती.

दि. ७ जानेवारी रोजी प्लेटी घेणाऱ्या कंपनीच्या रुची मॅडम मीटर घेऊन आल्या. त्यांनी सांगितले की, टोपी चांगल्या जातीची असली तरी ती बोटाला घट्ट बसलेली पाहिजे आणि पट्टा खऱ्या जमिनीशी जोडलेला पाहिजे, नाही तर उपयोग शून्य. मग त्यांनी सर्वांची बोटे तपासली. अर्जदाराची बोटे इतर कोणाही माणसाच्या बोटांसारखीच निघाली. सर्वांत मोठा आकडा आपल्या दालनात लागला. आपल्या नव्या खुर्चीचे प्लास्टिकचे वेष्टन सहा महिन्यांपासून काढलेले नाही, त्यावरून उठताना वीज तयार होते, असे मॅडमनी नम्रपणे आपल्या निदर्शनास आणून दिले.

दुसऱ्या दिवशी तार जमिनीत गेली. टेबल क्र. ४ वर इतर जणी आळीपाळीने बसल्या, आणि पुढच्या सातशे प्लेटींत फक्त दोन मेल्या. आपण अर्जदारास, "बसा ना टेबलावर जाऊन, कागदाचं काय घेऊन बसलात," असे सांगितलेत. परंतु सूचना फलकावर तशीच राहिली. श्री. शालीकराम यांचे म्हणणे पडले की, तिला जावक क्रमांक पडला असल्याने ती लेखी आदेशाशिवाय काढता येत नाही. अर्जदार लेखी सूचना मोडू इच्छित नसल्याने बाकावरच बसून राहिली.

दि. १५ रोजी सकाळी सौ. दुर्गा यांनी त्या सूचनेत अर्जदाराच्या नावापुढे पेनने 'व दुर्गा रहांगडाले' असे लिहिले आणि त्या बाकावर येऊन बसल्या. अर्जदाराने, "काऊन आली ओ तू?" असे विचारले असता, "सरक तिकडं," एवढेच त्या म्हणाल्या. दुपारपर्यंत उरलेल्या बारा जणींनीही आपापली नावे लिहिली. सूचनेनुसार आता केंद्रातील एकही महिला प्लेटला हात लावू शकत नाही. माघ पौर्णिमेच्या यात्रेसाठी कचारगडच्या वाटेवर लावायचे तीनशे दिवे रिकामे पडून आहेत. बाकावर पाचच जणी मावतात, बाकीच्या जिन्यात बसल्या आहेत.

तरी विनंती की, सदर सूचना आपण स्वहस्ते काढावी व अर्जदाराच्या बोटांत दोष नव्हता, असे त्याच फलकावर लिहून लावावे. यापुढे टोप्या मागविताना सोबतच्या तक्त्यातील मापे पाहावीत. चौदा जणींपैकी नऊ लहान, चार मध्यम व एक मोठे माप आहे. मोठे माप सौ. दुर्गा यांचे आहे, अंगठ्यापुरते. टोप्या रोज नव्या द्याव्यात. औषधाच्या दुकानात श्री. शालीकराम यांना पुन्हा पाठवू नये, अशी त्यांनी स्वतः केलेली विनंतीही या अर्जात समाविष्ट करण्यात येत आहे.

बाकावरील व जिन्यातील तेरा जणींसह, आपली विनम्र,

(सही)
अल्का बकाराम शहारे
कुडवा, दि. १९ जानेवारी २०१५

सोबत : १) बोटांच्या मापांचा तक्ता. २) टेस्टरच्या शेऱ्याची नक्कल. ३) कुंडीचा फोटो.

ता. क. : हा अर्ज आवक करण्यास नेला असता असे दिसले की, साहेब स्वतः फलकापाशी उभे राहून टाचण्या काढीत आहेत. एक टाचणी त्यांच्या बोटात गेली. सूचना बारा वाजून दहा मिनिटांनी निघाली व सव्वाबारा वाजता चौदाही टेबले सुरू झाली. साहेबांनी, "आता अर्जाची काय गरज?" असे विचारले. सूचना नोंदीत आहे, म्हणून अर्जही नोंदीत राहावा, असे अर्जदाराने उत्तर दिले. आवक क्रमांक मिळाला. पोच वडिलांना दाखवण्यासाठी घरी नेली आहे.