बावीस बादल्या माती

बाल्टिमोर
रविवार, ११ सप्टेंबर १९७७

ती. बाबांना ओल्गाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि समोर बसून बोललं तर तुम्ही ऐकत नाही. तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. तब्येत कशी आहे? गुडघा दुखतोय का, असं विचारणार नाही, कारण तुम्ही नाही म्हणणार आणि मग हेलनकाकू मला फोन करून खरं काय ते सांगणार.

रे आम्हा दोघींना टाकून जुलैत गेला तो गेलाच. सामान न्यायलासुद्धा स्वतः आला नाही, भावाला पाठवलं. पॉलाला मी सांगितलंय की तो कामासाठी लांब गेलाय. सहा वर्षांची असली तरी ती खुळी नाही. हल्ली झोपताना ती मला दाराला खुर्ची लावायला लावते. खरं सांगायचं तर मलाही खुर्ची लावल्याशिवाय डोळा लागत नाही.

म्हणून आम्ही दोघी घरी यायचं म्हणतोय. पाहुण्या म्हणून नाही, राहायला. शर्टांच्या कारखान्यात हेलनकाकू शब्द टाकते म्हणाली आहे. माझी जुनी खोली तुम्ही बियाणांच्या पोत्यांनी भरली असेल, ती रिकामी करा.

पॉलाचा तर बेत ठरलाय. इथे आमच्या दारापुढे गवताची काडी नाही, नुसतं सिमेंट. तुमच्या घरामागच्या मेपलची पानं गळली की ढीग करायचा आणि पायरीवरून धावत जाऊन त्यात उडी मारायची, असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे. तुमची हिरवळ म्हणजे देवघर आहे आणि आजोबा दाताळं घेऊन मागे लागतील, हेही मी सांगून ठेवलंय. ती म्हणाली, लागू देत.

उत्तर लवकर पाठवा. लोभ आहे हे माहीत आहे, तरी एकदा लिहून कळवा.

तुमची
ओल्गा


स्लेट रिज, पेनसिल्व्हेनिया
१७ सप्टेंबर

चि. ओल्गास बाबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. रेबद्दल मी काही लिहीत नाही. लिहिलं तर पोस्टमन पत्र उचलणार नाही.

गुडघा ठीक आहे. इथे सध्या हिरवळीचं काम जोरात आहे. उन्हाळ्यात करपलेलं सगळं दाताळ्याने ओरबाडून काढलं, खणायच्या काट्याने वीत वीत अंतरावर भोकं पाडली, वर चाळलेली माती आणि नवीन बी टाकलं. मागच्या खळग्यात या वर्षी बावीस बादल्या माती गेली. गेल्या वर्षी चौदा गेली होती. आता फळी टाकून बघितलं तर कुठे बोटभरही उंचसखल नाही. हेलन मागच्या कुंपणावरून विचारत होती की मेपलखालचा तो गोल तुकडा थंडीतसुद्धा हिरवागार कसा राहतो, कुठलं खत घालतोस. मी म्हटलं, गुपित आहे.

तुझ्या येण्याचं म्हणशील तर हा महिना बरा नाही. कोवळ्या गवतावर पाय पडता कामा नये. दोनदा कापून होईपर्यंत तिथे मी मांजरसुद्धा फिरकू देत नाही. पुढे थंडी सुरू होईल, आणि गोठलेल्या गवतावर पाय पडला की ते काळं पडतं. तेव्हा वसंतात ये. तोवर पॉलासाठी खसखस भरलेली गोड पावाची गुंडाळी करून पाठवतो. तुझ्या आईसारखी होणार नाही, पण दात पडणार नाहीत.

लोभ आहे. लिहून कळवला.

तुझा बाबा


बाल्टिमोर
२४ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा कळलं की तुम्ही थट्टा करत नाही.

बाबा, मी नवऱ्याने टाकलेली बाई आहे, पदराला लहान पोर आहे, आणि तुम्ही मला सांगताय की गवत कोवळं आहे. आई असती तर तिने दाताळं हिसकावून घेतलं असतं. गल्लीतल्या लोकांना काय सांगू? बाप म्हणतो वसंतात ये, कारण आत्ता बी रुजतंय? तुम्हाला आमची लाज वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा. ते मला गवतापेक्षा परवडेल.

इथली खोली मी सोडते म्हणून कळवून टाकलंय. शनिवारी, पंधरा ऑक्टोबरला, आम्ही निघतो. तुमची हिरवळ तुडवायची नसेल तर तुडवणार नाही, पुढच्या दाराने येऊ.

खाली पॉलाने लिहिलंय. स्पेलिंग मी दुरुस्त केलं, मजकूर तिचा आहे.

तुमची
ओल्गा

आजोबा, मी फार हलकी आहे. दवाखान्यात वजन केलं तर बेचाळीस पौंड भरलं. माझ्याने गवत मोडणार नाही. मी बूट काढून उडी मारीन. पॉला.


स्लेट रिज
१ ऑक्टोबर

चि. ओल्गास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी लाज मला कधी वाटली नाही. ती गोष्ट मनातून काढून टाक.

पॉलाचं वजन वाचलं. बेचाळीस पौंड म्हणजे काहीच नाही. मी रोलरमध्ये काठोकाठ पाणी भरून मेपलखाली चार वेळा फिरवला. काही झालं नाही. मग मातीचं पोतं खांद्यावर घेऊन स्वतः उभा राहिलो. काही झालं नाही. तेव्हा या.

पण पोर धावत येऊन उडी मारणार. धावत आलेलं वजन वेगळं असतं. तेव्हा येऊ नका. किंवा आलात तर मागचं दार मी खिळे मारून बंद करतो आणि तिला पुढच्या खोलीत ठेव. पण ती खिडकीतून बाहेर पडेल, तूही पडायचीस. तेव्हा वसंतापर्यंत थांबा. वसंतापर्यंत मी काहीतरी करतो.

पानं यंदा लवकर पिवळी झाली.

बाबा


बाल्टिमोर
६ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी हेलनकाकूचा फोन आला. ती आधी हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली की तुझा बाप रोज सकाळी पाठीवर पोतं घेऊन हिरवळीवर उड्या मारतो. एकाहत्तर वर्षांचा माणूस. उडी मारून झाली की गुडघ्यावर बसतो आणि तळहात गवतावर ठेवून बराच वेळ तसाच राहतो. तिला वाटलं तुम्ही प्रार्थना करताय. तिने हाक मारली तर तुम्हाला ऐकू गेली नाही. जवळ गेली तेव्हा तुमचा चेहरा पांढराफटक होता म्हणे.

मला आधी वाटलं, बाबांचं डोकं फिरलं. रात्रभर तेच मनात होतं. पण सकाळी पॉलाची वेणी घालताना मला एकदम आपल्या गल्लीच्या टोकाचं सोबोलांचं घर आठवलं. मी नऊ वर्षांची होते. त्यांचं स्वयंपाकघर शेगडीसकट गावाखालच्या जुन्या कोळशाच्या खाणीत गेलं होतं आणि तिथे नुसता खड्डा होता. तुम्ही माझे डोळे झाकले होते. तुमच्या बोटांच्या फटीतून मी बघितलं होतं, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

बाबा, तसं काही आहे का? बावीस बादल्या माती जाते कुठे? गेल्या वर्षी चौदा, त्याच्या आधी किती? हा प्रश्न मला इतकी वर्षं पडला नाही. बाप हिरवळ सपाट करतो, यात विचारण्यासारखं काय आहे, असंच वाटायचं.

मला फार भीती वाटते आहे. खोटं लिहू नका. एवढी एकच गोष्ट मागते.

ओल्गा


स्लेट रिज
मंगळवार, ११ ऑक्टोबर

चि. ओल्गास आशीर्वाद. वि. वि.

काल सुट्टीमुळे पोस्ट बंद होतं, म्हणून एक दिवस वाया गेला. हे पत्र शुक्रवारपर्यंत पोचलं नाही तर हेलन फोन करणार आहे. ती आजच करत होती. मी तिला म्हटलं, हे मला माझ्या हाताने लिहू दे.

तसंच आहे.

तुझी आई गेली त्या शरद ऋतूत मेपलखाली बशीएवढा खळगा पडला. दोन बादल्यांत भरला. वर बी टाकलं, रुजलं, विसरलो. पुढच्या वर्षी तीन गेल्या. इथे सगळेच दर सप्टेंबरात आपापले खळगे भरतात आणि एकमेकांच्या हिरवळीची वाहवा करतात. कुणी कुणाला विचारत नाही. घर सोडून जायचं कुठे? तुझ्या आईची कपड्यांची दोरी अजून त्याच मेपलला बांधलेली आहे.

तो तुकडा हिरवा राहतो त्याचं गुपित सांगतो. सकाळी सगळी हिरवळ गोठून पांढरी होते, तो गोल तेवढा ओला आणि हिरवा असतो. खाणीतली हवा थंडीत ऊबदार लागते. ती तिथून वर येते. हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तळहात ठेवला की कळतं.

शनिवारी काट्याने भोकं पाडत होतो. एका ठिकाणी काटा दांड्यापर्यंत आत गेला आणि हातातून सुटला. गेलाच. मुठीएवढं भोक राहिलं. मी त्यात दगड टाकला. पण ओल्गा, मला ऐकू येत नाही. सुरुंगांनी कान नेले. मी दगडामागून दगड टाकत बसलो, आणि माझ्यापुरतं तळाला काहीच नव्हतं. शेवटी हेलनला बोलावलं आणि म्हटलं, मी दगड टाकतो, तू ऐक. तिने कान लावला. तिने छातीवर क्रूस काढायला सुरुवात केली, तो पूर्ण झाला, आणि मग तिला पाण्याचा आवाज आला. तिच्या तोंडाकडे बघूनच मला तो ऐकू आला.

आता उरलेलं. छत तोलायला खाणीत कोळशाचे खांब ठेवतात. खाण आटोपती घ्यायची वेळ आली की मागे सरकत सरकत तेही काढून घेतात. तेहेतीस साली या जमिनीखालचे खांब मी काढले. दुसऱ्या कुणी नाही, मी आणि माझा जोडीदार. वर तेव्हा नुसतं रान होतं. पुढे प्लॉट विकायला निघाले, तेव्हा मुकादम म्हणाला की खालचं छत केव्हाच बसलं, आता धोका नाही. तो खोटं बोलतोय हे मला कळत होतं. छत बसलं असतं तर वरची जमीन तेव्हाच खचली असती. पण तुझ्या आईला ते मेपलचं झाड आवडलं. आणि मला कोपऱ्यावरचं घर हवं होतं.

गाड्या भरभरून काढलं आणि बादलीबादलीने परत घालत बसलो. तू पाळण्यात असल्यापासून तुला तिथे झोपवलं. पॉलाला गेल्या जूनमध्ये त्याच जागी लागोपाठ तीन कोलांट्या उड्या मारताना बघितलं आणि मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला रोज आठवतात.

मला माफ कर असं लिहिणार होतो. पण आधी येऊ नकोस.

बाबा


बाल्टिमोर
गुरुवार, १३ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र सकाळी मिळालं. घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

तुमच्यावर मी खूप चिडणार आहे, पण ते समोर बसून. आत्ता फक्त ऐका. त्या घरात आणखी एक रात्र काढायची नाही. हेलनकाकूला मी फोन केलाय, तिने माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. तिचं घर दगडी टेकाडावर आहे, खाली खाण नाही, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं. सरकारी खाण कचेरीला ती आज कळवते. आईचा फोटो घ्या, औषधं घ्या, बाकी काही नको. काटा गेला तर गेला. मेपलखाली पाऊल टाकायचं नाही. पोतं घेऊन तर नाहीच.

इथली खोली आता मी सोडत नाही, तसं कळवलंय. येत्या शनिवारी उसनी मिळणार होती ती गाडी आता बावीस तारखेला मिळते. पॉलाला खालच्या बाईंकडे ठेवून मी एकटी येते आणि तुम्हाला घेऊन जाते. पॉलाला मी सांगितलं की आजोबांच्या हिरवळीला बरं नाही. तिने विचारलं, आजोबांना बरं आहे ना?

बाबा, तिला काय उत्तर देऊ ते कळवा.

तुमचीच
ओल्गा


स्लेट रिज, हेलनचं घर
सोमवार, १७ ऑक्टोबर

चि. ओल्गास आणि चि. पॉलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पॉलाला सांग, आजोबांना बरं आहे.

शुक्रवारी मी इथे आलो. कचेरीचे लोक शनिवारी सकाळी आले आणि दोरी बांधून गल्ली बंद करून गेले. दुपारी मी माडीच्या खिडकीत बसलो होतो. तीनचा सुमार होता. तुम्ही दोघी निघाल्या असतात तर त्याच सुमाराला पोचल्या असतात, आणि ती पायरीवरून धावली असती. हे मी हेलनला बोललो नाही. तुला लिहितो आहे, कारण एकट्याने सांभाळवत नाही.

आवाज मला आला नाही. हेलन खाली भांडी घासत होती, ती किंचाळली म्हणे, तेही मला कळलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की मेपलची सगळी पानं एकदम गळली. वारा नव्हता. एक क्षण झाड उघडं उभं होतं आणि खाली पिवळा ढीग होता, पॉलाला हवा होता तसा. मग ढीग खाली गेला. मागून झाड गेलं, कपड्यांची दोरी गेली, रोलर गेला, मागची पायरी गेली. स्वयंपाकघराचं दार हवेत उघडं लोंबतंय. बाकी हिरवळ शाबूत आहे. कडेपर्यंत सपाट, बोटभरही उंचसखल नाही. कचेरीतला माणूस म्हणाला की इतकी चांगली हिरवळ त्याने गावात बघितली नव्हती.

रात्री माडीवरून खाली अंगणात येऊन मी तळहात जमिनीला लावून बघतो. इथे खाली खडक आहे, गार लागतो. तरी बघतो. ही सवय जाईलसं वाटत नाही. तुझ्याकडे आलो आणि पहाटे मी खाली वाकलेला दिसलो तर घाबरू नकोस आणि पॉलाला हसू देऊ नकोस.

शनिवारी ये. गाडी हेलनच्या दारी उभी कर, आपल्या गल्लीकडे वळू नकोस. माझ्याकडे आईचा फोटो आहे, औषधं आहेत आणि बियाणाचं एक पोतं उरलंय, ते हेलनला देतो. तुमच्या दारापुढे गवताची काडी नाही असं तू लिहिलं होतंस. ते वाचून तेव्हा मला तुमची कीव आली होती. आता मला तेच हवं आहे.

लोभ आहेच. मी येईपर्यंत पॉलाचा हात धरून ठेव.

तुझा बाबा