जानेफळचं प्रोफाइल

१२ जानेवारी, सकाळी ७
नागपूरची एक कपड्यांची कंपनी शोरूम काढणार. जानेफळला की साखरखेर्ड्याला, ते ठरायचं आहे. गावात माणसं किती, कमाई किती, शिक्षण किती, असं प्रोफाइल मागितलंय. सरपंच गुलाबरावांना म्हणालो, मी करतो, पण शोरूमचा मॅनेजर मीच. ते म्हणाले, "पाहू." म्हणजे झालंच.
संकल्प: रोज पन्नास घरं.

१३ जानेवारी
तीन घरं. गुडघा.
शेजारचा पुंजाजी, माझा बालमित्र. उत्पन्न विचारलं तर म्हणतो, "कोनाले सांगाचं हाय बे? राशनवाल्याले का सोयऱ्याले?" राशनवाल्याला वर्षाचे चाळीस हजार, सोयऱ्याला आठ लाख. सोयऱ्याचं लिहिलं.

१५ जानेवारी
घरोघरी फिरणं मयुरीकडे दिलं. पोरगी एम.एस्सी. होऊन दोन वर्षं घरीच आहे. तेवढाच अनुभव. विश्लेषण मी करणार. खाटेवरून.

२२ जानेवारी
मयुरीनं चारशे घरं संपवली. म्हणते, "बाबा, डिग्री घेऊन घरी बसलेल्या चौसष्ट पोरी हायत गावात." मी म्हणालो, शोरूमचा त्याच्याशी काय संबंध? सरासरी उत्पन्न फारच कमी येत होतं. मी दुरुस्त केलं. चौपट. ती म्हणाली, हे खोटं हाय. पोरीला प्रेझेंटेशन कळत नाही.
अन्नपूर्णा अंगणवाडीत ड्यूटीवर निघाली होती. जाता जाता म्हणाली, "मॅनेजरसाहेब, पानी भरून ठेवजा." बायको असून टोमणे.

२७ जानेवारी, दुपार
विश्वासघात!
कंपनीच्या प्राची मॅडम आल्या. मी कोट घातला. आधी पुंजाजीकडेच नेलं, आठ लाखांचा माणूस म्हणून. त्यानं मॅडमच्या हातातली फाइल पाहिली अन् हात जोडले. "चाळीस हजार, मॅडम. पिवळं कार्ड हाय." मी त्याला डोळा मारला. तर सगळ्यांदेखत, "प्रेमानंद, डोळ्याले काय झालं बे?"
मॅडमनी घरोघरच्या नोंदींची मूळ वही मागितली. मयुरीनं दिली. सख्ख्या मुलीनं!
दोघांशीही बोलणं बंद. कायमचं.

२७ जानेवारी, संध्याकाळ
पुंजाजीकडे चहा झाला. बोललो नाही. दुसरा कप फक्त मागितला.

६ फेब्रुवारी
शोरूम साखरखेर्ड्याला गेलं.
पण त्या चौसष्ट पोरी मॅडमच्या डोळ्यांत भरल्या. ऑनलाइन ऑर्डर घेणारं ऑफिस जानेफळात निघतंय. वीस पोरी घेणार, मयुरी त्यांची प्रमुख. गुलाबरावांनी पेढे वाटले. माझं नाव कोणी घेतलं नाही.
वही परत आली. आपल्या घराचं पान काढलं. माणसं तीन. कमावतं एक, आई. बाबा: काम शोधत आहेत.
विचारलं, असं काऊन लिहिलं? मयुरी खाली बघून म्हणाली, "बाबा, दुसरा रकाना 'काम शोधत नाहीत' असा होता."
सोमवारपासून तिला गाडीवर ऑफिसला सोडायचं, असं अन्नपूर्णा म्हणते. साफ नकार दिला. ऑफिस दहाला उघडणार, म्हणजे आम्हाला पावणेदहाला निघावं लागेल.