‘लाल धूळ’ कोणी वाजवली?

९ सप्टेंबर

बा जेरे ‘हो’ म्हणाले! तीन शनिवार, तीन रेकॉर्डी, प्रत्येकीला अख्खा तास! मधे जाहिरात एकच — बियाण्यांची.

मोठा माणूस म्हणून नावाआधी मानाचं ‘बा’ लावते मी, पण सरळ हो म्हणतील तर ते आमच्या रेडिओ स्टेशनचे मॅनेजर कसले. “तुम्ही बेम्बा लोक माकडं खाऊन खाऊन झाडावरच राहिलात. आजोबांच्या काळातला बँड आता कोण ऐकणार?” मी म्हटलं, “उंदीर खाणाऱ्यांच्या कानाकडून माझी फार अपेक्षा नाहीच.” ते न्गोनी, मी बेम्बा — या दोन जमातींत एकमेकांची अशी थट्टा करायचा रिवाजच. पोट धरून हसले. मग म्हणाले, “ठीक. पण विद्यापीठातलं भाषण नको हं, लुबुतो. गाणी लाव.”

भाषण तर करणारच! या कित्वे गावाला सांगायलाच हवं, की आपल्या खाणीतल्या पोरांनी खाली दगड फोडून वर येऊन असं रॉक वाजवलं, की नैरोबीपर्यंत लोक नाचले. बँडचं नाव ‘शाफ्ट नाइन’. आणि त्यातली लीड गिटार माझ्या मोठ्या काकांची — एझ्रॉन कापेम्बवांची. काका मी शाळेत जायच्या आधीच गेले. स्वातंत्र्यदिनाला, चोवीस ऑक्टोबरला, खाण-क्लबात उरलेला बँड पुन्हा वाजवणार आहे आणि स्टेजच्या भिंतीवर काकांच्या नावाची तांब्याची पाटी लागणार आहे. त्या पाटीसाठी मी क्लबच्या इतक्या चकरा मारल्या, की तिथला रखवालदार मला आता ‘मॅडम पाटी’ म्हणतो!

११ सप्टेंबर

एमेल्दा आत्या लुआन्श्याहून आली. बाबांची आणि एझ्रॉनकाकांची बहीण. डिसेंबरात माझं लग्न, म्हणून मला ‘शिकवायला’. दोन ढोल, एक चटई आणि तोंड — एवढं सामान.

मी ‘लाल धूळ’ लावून बसले होते. आत येता येता म्हणाली, “बंद कर तो गोंगाट.” भावाची रेकॉर्ड! जराही थांबून ऐकलं नाही. बाबांनी मुकाट्याने उठून आवाज कमी केला. खाणीत तीस वर्षं काढलेला माणूस, पण बहिणीपुढे शाळकरी पोरासारखा.

१७ सप्टेंबर

पहिला कार्यक्रम झाला. रेकॉर्ड — ‘जमिनीखाली’.

खरं सांगायचं तर काकांची गिटार इथे अजून कच्ची आहे. जोर खूप, आवाज घोगरा, बोटं सारखी ड्रमच्या मागे धावतायत. पण काय मस्ती! तेलाच्या डब्याला ब्रेकच्या तारा लावून शिकलेला माणूस पहिल्यांदा खरी गिटार हातात घेतोय, हे ऐकू येतं. हे सगळं मी हवेवर बोलले, अगदी सविस्तर.

बा जेरे काचेपलीकडून खुणा करत होते — गाणं लाव, गाणं लाव!

२० सप्टेंबर

लग्नाआधीचे धडे सुरू. मागच्या खोलीत चटईवर बसायचं, डोक्यावरून चितेंगे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड, ओढून घ्यायचं, मान खाली. आत्या आणि शेजारच्या दोघी ढोल वाजवतात, गातात. मधे मधे मला बोलणी. “या घरातली पहिली पदवी हिची, आणि भांडं कुठल्या हाताने द्यायचं ते ठाऊक नाही!” तिघी खदखदून हसल्या.

मी किती लेख वाचलेत बायकांच्या स्वातंत्र्यावर. आणि इथे डोकं झाकून बसलेय. आईकडे कुरकुर केली, तर म्हणाली, “बस गं. मी बसले, मेले का?”

या खोलीतलं बाहेर सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, कुठल्याच पुरुषाला नाही. पहिला नियम हाच.

२४ सप्टेंबर

‘लाल धूळ’!!

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास. पहिल्या रेकॉर्डीनंतर जेमतेम वर्षभराने काकांच्या हाताला काय झालं कोण जाणे! इथे गिटार धावतच नाही. ड्रम जिथे पाय टेकतो, तिथे ती टेकत नाही — एक श्वास थांबते आणि मग मागून येऊन खांद्यावर हात ठेवते. शीर्षकाच्या गाण्यात तर मधोमध एक लकेर आहे, ती कुठून सुरू होते तेच कळत नाही. गावातल्या प्रत्येक गिटारवाल्याने ती उचलायचा प्रयत्न केलाय. कोणालाच जमली नाही.

फोन थांबेनात. चिंगोलाहून कोणीतरी नुसता रडला. बा जेरे स्वतः चहा घेऊन आले — हे म्हणजे ऐतिहासिकच! शेवटचा फोन एका म्हातारीचा. “मी बाना मुकुका. ते मधलं गाणं परत लावू नको, पोरी.” आणि फोन ठेवून दिला.

म्हातारीचं ऐकून बा जेरे म्हणाले, “एका तरी बेम्बाला कान आहेत.”

२५ सप्टेंबर

चर्चनंतर बा ओबेदना गाठलं. ‘शाफ्ट नाइन’चे ड्रमर, आता टक्कल आणि चर्चचे वडीलधारे. क्लबातली तालीम बिघडलीय म्हणे. न्डोलाहून आणलेला तरुण गिटारवाला सगळं वाजवतो, पण ‘लाल धूळ’मध्ये आपटतो.

“मोजतो तो,” बा ओबेद म्हणाले. “मोजलं की गेलं.”

“मग काका काय करायचे?”

“तुझे काका?” टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. “तुझे काका देवमाणूस होते.” आणि चालायलाच लागले!

२८ सप्टेंबर

लगेच लिहून ठेवते.

आज चटईवर, डोक्यावर चितेंगे, मान खाली. आत्याने नवीन गाणं सुरू केलं. ढोल एका जागी, तिचा आवाज दुसऱ्या. एक श्वास थांबली — आणि मागून आली.

तीच लकेर! ‘लाल धूळ’मधली! सूर न् सूर तोच, तीच थांबण्याची जागा!

गाणं कशाबद्दल आहे ते इथे लिहिणार नाही. या वहीतही नाही. पण ते या खोलीबाहेर कधी गायलंच जात नाही. कुठल्याच पुरुषाने ते ऐकलेलं असू शकत नाही. एझ्रॉनकाकांनी तर नाहीच.

मी कापडाखालून मान वर केली. आत्याची काठी ढोलावरच थांबली होती. माझ्या ध्यानात आलंय, हे तिच्याही ध्यानात आलं.

“मान खाली,” एवढंच म्हणाली.

२९ सप्टेंबर

आत्या भोपळ्याची पानं निवडतेय. जसं काही झालंच नाही.

१ ऑक्टोबर

सकाळी मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळत होते, तेव्हा आत्या स्वतःच बोलली. पाठमोरी.

“दादाचं बोट खाणीत चिरडलं. नैरोबीचा स्टुडिओ ठरलेला. बँडबरोबर मी स्वयंपाकाला म्हणून गेले.”

“आणि?”

“आणि स्वयंपाक केला नाही. गुठळ्या होतायत, नीट ढवळ!”

मग हळूहळू सगळं सांगितलं. गिटार दोघं भावंडं एकाच डब्यावर शिकली. हिचा हात आधीपासूनच पुढे. दादाला माहीत, बँडला माहीत. पण पोरीचं नाव रेकॉर्डीवर आलं असतं, तर आजोबांनी गिटार चुलीत घातली असती. म्हणून फोटो दादाचा, नाव दादाचं. तेव्हा हिचंही लग्न ठरलेलं, धडे नुकतेच संपलेले. ते गाणं बोटांत ताजं होतं. “वाजवता वाजवता आपोआप आलं गं. मी थोडंच ठरवून केलं!”

रेकॉर्ड आली. गावातल्या प्रत्येक बारमध्ये वाजली. पुरुष बिअर पिता पिता त्या लकेरीवर नाचले — आणि बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या म्हाताऱ्या जागच्या जागी थांबल्या. ही लकेर कुठल्या खोलीतली आणि त्या खोलीत नुकतं कोण बसून गेलं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. हिला बोलावलं, मधे बसवलं. हिला धडे बाना मुकुकांनीच दिलेले. ‘वाजवू नको’ असं बोलल्याही त्याच.

“त्या दिवसानंतर तारेला हात लावला नाही,” आत्या म्हणाली. “गिटार दादाच्या दारात ठेवून आले.”

दुपारी तिसरी रेकॉर्ड हवेवर — ‘रात्रपाळी’. माझ्या कागदावर लिहिलं होतं, ‘इथे गिटार थकलेली वाटते’. तो कागद बाजूला ठेवला. चिरडलेल्या बोटाने, बहिणीची जागा भरायला उभा राहिलेला माणूस! मी एवढंच म्हटलं, “हा माणूस दुखत असताना वाजवतोय. नीट ऐका.” आणि गाणी लावली. बा जेरे काचेपलीकडे घड्याळ बघायला लागले. भाषणच नाही!

२ ऑक्टोबर

पाटी कोरून तयार आहे. ‘लीड गिटार — एझ्रॉन कापेम्बवा’. मी स्वतः हट्टाने मागून घेतलेलं खोटं.

खरं सांगावं, तर पुरावा मागतील. बा ओबेद तर टोपी घालून निघून जातात; उरला पुरावा एकच, तो खोलीतला. हवेवर, हजारो पुरुषांपुढे? नियम मोडून मी आत्याला मोठी करू? ज्यासाठी तिने एवढी किंमत मोजली, तेच पुन्हा मी करू?

आणि गप्प बसू? मग कसली मी शिकलेली!

४ ऑक्टोबर

बाना मुकुकांकडे गेले. स्टेशनच्या फोनवर त्यांचा नंबर होताच. एक कोंबडी, एक चितेंगे घेऊन गेले, दारातच गुडघ्यावर बसले, टाळ्या वाजवून नमस्कार केला. आईने शिकवलं होतं तस्सं.

केवढ्याशा आहेत! खुर्चीत पाय जमिनीला टेकत नाहीत. कोंबडी दाबून बघितली. “बारीक आहे. पण ये.”

मी म्हटलं, “आजी, एमेल्दा आत्याला मोकळं करा. तिला वाजवू द्या.”

“मी कधी बांधलं?”

“तुम्हीच तर म्हणालात, वाजवू नको.”

“ते *गाणं* वाजवू नको म्हटलं!” खुर्चीच्या हातावर अशी थाप मारली की कोंबडी उडाली. “आमचं ते गाणं बारमधे नेलंस, ते सोड — एवढंच! तिने गिटारच सोडली? अजून? मला वाटायचं, लग्न झालं, पोरं झाली, वेळ मिळत नसेल!” मग चितेंग्याच्या टोकाने डोळे पुसले. “लहानपणापासून अशीच. मीठ कमी घाल म्हटलं, की अळणी जेवण पुढे ठेवणार. गाढव कुठली! सांग तिला, बाना मुकुकाने गाढव म्हटलंय.”

मी घरापर्यंत पळत आले. जॅकरांडाखालून, उन्हातून, चपला हातात घेऊन!

४ ऑक्टोबर, नंतर

सांगितलं. शब्द न् शब्द. आत्या आधी चिडली. “म्हातारीला विसर पडलाय. असं नव्हती म्हणाली ती.” मग ओट्याशी टेकून उभी राहिली. “...का असंच म्हणाली होती?” मग हसायला लागली. आणि मग जे रडली! बाबा दारात येऊन उभे. ते म्हणाले, “ताई, दादाची गिटार माझ्याकडे आहे. पलंगाखाली. तू विचारशील म्हणून ठेवली होती.”

“मग बोलला का नाहीस, मूर्खा?”

“तू गोंगाट म्हणायचीस ना!”

९ ऑक्टोबर

आत्याच्या बोटांना फोड. कोणी तालमीला ‘बरं झालं’ म्हटलं तरी शिव्या देते. न्डोलाचा गिटारवाला तिच्या पायाशी बसून बघतो. बा ओबेदनी ड्रमवर बसल्या बसल्या तिला पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “उशीर केलास, एमेल्दा.”

ती म्हणाली, “तू अजून घाईच करतोस.”

१६ ऑक्टोबर

मी विचारलं, पाटी वितळवून नवी करायची का? आत्या खेकसली, “दादाचं नाव पुसशील तर बघ! शेवटी दुखऱ्या हाताने उभा तोच राहिला. खाली जागा आहे ना? तिथे माझं लिही.”

आहे जागा. आज कोरायला दिली.

२४ ऑक्टोबर

काय लिहू! कुठून लिहू!

क्लब खच्चून भरलेला. खिडक्यांत माणसं. बाना मुकुका पहिल्या रांगेत, नवं चितेंगे नेसून. आत्या स्टेजवर आली ती घरच्याच वेषात, कमरेला कापड, पायात साध्या चपला. मागून कोणीतरी ओरडलं, “आजी, स्वयंपाकघर तिकडे!” हशा. आत्याने त्याच्याकडे बघून एकच तार ओढली — घोगरी, लांब, भिंतीतून जाणारी. हशा बंद!

मग ‘लाल धूळ’. तो हात! तोच हात! रेकॉर्ड ऐकलेल्या प्रत्येकाला पहिल्या चार सुरांत कळलं. पुरावा कोणी मागितलाच नाही. बा जेरे माझा दंड दाबत होते. “हीच ना? हीच होती ना?” मी नुसतं स्टेजकडे बोट दाखवलं. बोलायची गरजच उरली नव्हती.

आणि मग ती मधली जागा आली. मी बाना मुकुकांकडे पाहिलं. आत्याने तळवा तारांवर ठेवला आणि थांबली. लकेर वाजवलीच नाही. बँड चालू, ड्रम चालू, आणि मधे तेवढीच रिकामी जागा.

तिथे बाना मुकुकांनी जीभ घोळवून इंपुन्दूची आरोळी दिली. लांब, थरथरती, लग्नघरात देतात तशी. मग दुसऱ्या म्हातारीने. मग आई. मग सगळ्या हॉलमधल्या बायका — बरोब्बर त्या लकेरीएवढा वेळ! पुरुष बघत राहिले, काय झालं ते न कळता टाळ्या वाजवत राहिले. आणि जिथे ती संपते, तिथे आत्याची गिटार मागून आली.

मी पण दिली इंपुन्दू. पहिल्यांदाच. जमली!

पाटी उघडली. दोन नावं.

२५ ऑक्टोबर

गावभर तीच चर्चा. रखवालदार आता मला सलाम ठोकतो. बा जेरेंना आत्याचा स्वतंत्र तास हवाय, दर शनिवारी. म्हणतात, “या गावाने तिचं सगळं ऐकलं पाहिजे, सगळं!” अगदी माझंच वाक्य. मी म्हटलं, विचारते.

२७ ऑक्टोबर

आज धडा होता, बाना मुकुकाही आल्या होत्या. ढोल कोपऱ्यातच राहिले. आत्या गिटार घेऊन चटईवर बसली. बाना मुकुकांनी उठून दार लावलं, कडी घातली आणि म्हणाल्या, “आता वाजव.” तिने ते गाणं पूर्ण वाजवलं. मी ऐकलेलं सगळ्यात सुंदर वाजवणं ते. मी ते रेकॉर्ड केलं नाही.