दोन छोटे हॉर्न

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.१५

आजपासून रोजनिशी. बत्तीस वर्षं वाहतूक खात्यात टाइमकीपर म्हणून काढलेल्या माणसाचे विचार नुसते हवेत जाणं बरं नाही. रोज एक पान. खाडाखोड नाही.

आजची घटना. खालच्या बसथांब्यावर खात्याने कागद डकवला आहे. चौदा नंबरच्या मार्गावर ड्रायव्हर नसलेली छोटी गाडी येणार. दोन महिने ती आणि आपली जुनी चौदा नंबर, दोन्ही धावणार. जिला प्रवासी जास्त, ती राहणार. दुसरी बंद.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. मी स्वतः मोबाईल बाळगतो. लागेल तेव्हा चालूही करतो.

३ फेब्रुवारी

७.४० ला चौदा नंबर आली. मी गॅलरीतून हात वर केला. शिट्टीने दोनदा हॉर्न दिला. गाडी सुटली.

शिट्टी म्हणजे ड्रायव्हर. गाडी चालवताना शिट्टी वाजवतो. नियमात बसत नाही, पण सुरात असते.

हात वर करणं ही खात्याची जुनी पद्धत. टाइमकीपरने हात वर केला की गाडी सोडायची आणि ड्रायव्हरने दोन छोटे हॉर्न द्यायचे. म्हणजे वेळ मान्य. आता टाइमकीपरची जागाच रद्द झाली. मला निवृत्त होऊनही चार वर्षं झाली. पण मी पहिल्या मजल्यावर आणि थांबा बरोबर खाली, तेव्हा चालू आहे ते मोडायचं कशाला? शिट्टीला सवय आहे. एखाद दिवस मी दिसलो नाही तर त्याला चुकल्यासारखं होईल.

५ फेब्रुवारी

खात्याच्या वेबसाइटवर ‘नागरिकांच्या सूचना’ म्हणून जागा आहे. पहिली सूचना पाठवली. मुद्दे अकरा. ड्रायव्हर नसलेली गाडी, फुटपाथवर आडव्या पडलेल्या भाड्याच्या स्कूटर आणि पादचाऱ्यांचा सिग्नल (मी अर्ध्या रस्त्यात असताना लाल होतो) हे तिन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, हे दाखवून दिलं.

चार सेकंदांत उत्तर. ‘आपली सूचना मोलाची आहे. आभारी आहोत.’

चार सेकंदांत. म्हणजे कोणीतरी वाटच बघत होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

धाकटीचा फोन. बहीण दर रविवारी अकराला करते. आज अकरा वाजून सहा मिनिटांनी केला. नोंद करून ठेवली.

नेहमीचंच. दादा, इथे एक खोली रिकामी आहे, ये की राहायला. मी म्हटलं, बाई, इथे माझ्यावर मार्गाची जबाबदारी आहे. तर म्हणते, “दादा, तू त्या बसथांब्यावर लक्ष ठेवतोस, की बसथांबा तुझ्यावर?”

लहानपणापासून जीभ अशीच. उत्तर सुचलं, पण तोवर तिने फोन ठेवला होता.

९ फेब्रुवारी

आली. पांढरी, चौकोनी. नाव ठेवलं डबी.

आवाज नाही. थांब्यावर कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. मांजर असं येतं. बसने आपण येतोय हे आधी सांगावं.

पाहणी केल्याशिवाय मत देणं माझ्या तत्त्वात नाही. ठराव: डबीतून स्वतः फिरून दोष टिपायचे. दोन महिन्यांत शंभर. शंभर दोषांपुढे कोणतंही खातं टिकणार नाही. चौदा नंबर वाचली म्हणून समजा.

१० फेब्रुवारी

पहिली पाहणी. दाराशी पास टेकवला. टिंग. ज्येष्ठांचा पास फुकट असतो, टेकवला नसता तरी विचारणारं आत कोणी नव्हतं. पण इतकी वर्षं दुसऱ्यांना शिस्त लावली. टेकवला.

दोष १. ड्रायव्हर नाही.
दोष २. त्यामुळे ‘ड्रायव्हरशी बोलू नये’ ही पाटीही नाही.
दोष ३. बाईचा आवाज येतो, ‘आपलं स्वागत आहे. कृपया बसून घ्या.’ मी बसलेलोच होतो.

उतरताना तोच आवाज म्हणाला, ‘आपला दिवस चांगला जावो.’ औपचारिक आहे. उच्चार मात्र स्पष्ट.

१३ फेब्रुवारी

एका फेरीत दोष नीट सापडत नाहीत. आजपासून रोज सहा फेऱ्या, प्रत्येक वेळी वेगळ्या सीटवर. सीट सहाच आहेत. पद्धत शास्त्रीय हवी.

दर फेरीला पास टेकवतो. दर फेरीला स्वागत.

१९ फेब्रुवारी

दोष २४. ब्रेक फार सौम्य. धक्का बसत नाही, त्यामुळे थांबा आल्याचं कळत नाही. एखादा ज्येष्ठ प्रवासी डोळा लागून दोन थांबे पुढे जाऊ शकतो.

दोन थांबे चालत आलो.

२४ फेब्रुवारी

‘आपला दिवस चांगला जावो’ला आज ‘तुमचाही’ म्हणालो. केवळ चाचणी म्हणून.

उत्तर नाही. दोष ३१.

१ मार्च, रविवार

धाकटीला पाहणीबद्दल सविस्तर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, दिवसभर त्या डबीतच असतोस का, जेवतोस कधी? मी सांगितलं, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीच्या मध्ये. ब्रेड, उकडलेलं अंडं. ही गेल्यापासून स्वयंपाकघरात जास्त वेळ घालवायचा नाही हे माझं धोरणच आहे. धाकटी म्हणाली, ह्याला धोरण नाही म्हणत, दादा.

सरकारांचंही असंच असतं. धोरण कशाला म्हणायचं यावरच गाडी अडते.

६ मार्च

आज चौदा नंबर मिनिटभर आधीच आली, म्हणून थांब्यावर जास्त थांबली. शिट्टीने खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं. म्हणाला, काय साहेब, हल्ली त्या नव्या गाडीत दिसता. मी गॅलरीतूनच खुणेने सांगितलं, काळजी करू नकोस, तुझ्यासाठीच चाललंय. त्याला कितपत कळलं माहीत नाही. हसला, पण अर्धवट.

गाडीत चार प्रवासी होते. पूर्वी या वेळेला उभं राहायला जागा नसायची.

मनात आलं, एकदा चौदा नंबरनेच जावं. पण तिची पाहणी कशासाठी करायची? ती बरोबरच आहे.

१६ मार्च

दोष ५८. आवाज सगळ्यांना एकच वाक्य म्हणतो. आज माझ्याबरोबर एक बाई चढली, पिशवी घेऊन. तिलाही ‘आपलं स्वागत आहे’. पाच आठवडे रोज येणारा माणूस आणि आज पहिल्यांदा आलेली बाई, यांत काही फरक नको?

सूचना पाठवली. चार सेकंद. आभारी आहोत.

३० मार्च

दोष ७७ वर अडकलो आहे. सीट पुसलेली असते. गाडी वेळ पाळते. दार हळू लागतं. चिंता वाटावी इतकी निर्दोष.

तरी फेऱ्या चालू ठेवल्या आहेत. काम अर्धवट टाकणं जमत नाही. शिवाय दर फेरीचा पाऊण तास बरा जातो. पाहणीच्या दृष्टीने.

८ एप्रिल

चाचणी संपली. दोष ८३. शंभर झाले नाहीत, पण दोष ३१ आणि ५८ इतके गंभीर आहेत की प्रत्येकी दहा धरायला हरकत नाही. एकशे एक.

अहवाल स्वच्छ अक्षरात उतरवला. पाने सतरा. शिट्टीला वरूनच दाखवला. त्याने हात हलवला.

१३ एप्रिल, सोमवार

थांब्यावर निकाल डकवला आहे. स्वयंचलित गाडी कायम. चौदा नंबर २५ एप्रिलपासून बंद. खाली कारण दिलंय: ‘या थांब्यावर ज्येष्ठ नागरिकांचा विशेष उत्स्फूर्त प्रतिसाद. रोज सरासरी सहा ज्येष्ठ प्रवासी.’

साफ खोटं. मी रोज दिवसभर त्या गाडीत होतो. माझ्या पाहण्यात एकही ज्येष्ठ आला नाही. आकडे घरी बसून रंगवलेत. पकडले म्हणून समजा.

१५ एप्रिल

खात्याच्या कार्यालयात गेलो. पूर्वी माझं टेबल जिथे होतं तिथे आता पाण्याचं मशीन आहे. काउंटरवर तरुण क्लार्क होती. आवाज न चढवता सांगितलं, या सहा ज्येष्ठांचा पुरावा दाखवा. मुलगी बरी होती. स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हणाली, नावं नाही दाखवता येत काका, पासचे शेवटचे चार आकडे दिसतात तेवढे बघा.

१० फेब्रुवारी, एक ओळ. १३ फेब्रुवारी, सहा ओळी. १४ला सहा. १५ला सहा. सगळीकडे ४४०७.

ती स्वतःशीच हसली. म्हणाली, कोणीतरी आजोबा आहेत, त्यांना गाडी फार आवडलेली दिसतेय.

मी म्हटलं, पण हा तर एकच माणूस झाला.

ती म्हणाली, “आम्ही चढणं मोजतो, काका. माणसं नाही मोजत.”

अहवालाची सतरा पानं पिशवीतच राहिली. तिथे फार उकडत होतं. पंख्याबद्दल सूचना पाठवायला हवी.

१६ एप्रिल

पासवरचे आकडे चष्मा लावून पाहिले. चष्मा काढून पाहिले.

१७ एप्रिल

काही नाही.

१९ एप्रिल, रविवार

धाकटीला म्हटलं, निकाल विरुद्ध गेला. कारण विचारलं तिने. म्हटलं, आकड्यांचा घोळ. दादा, मग आता तरी येतोस का, असं म्हणाली. म्हटलं, बघू, इकडची कामं आवरली की. कोणती कामं, हे तिने विचारलं नाही. नेहमी विचारते.

२२ एप्रिल

७.४०. हात वर केला नाही. पडद्यामागे उभा राहिलो. गाडी थांबून राहिली. अर्धा मिनिट. पाऊण मिनिट. उशीर होतोय म्हणून शेवटी बाहेर येऊन हात वर केला. दोन हॉर्न.

इतक्या वर्षांत ही गाडी या थांब्यावरून उशिरा सुटली ती आज, माझ्यामुळे.

२३ एप्रिल

दुपारी शिट्टी घरी आला. पहिल्यांदाच. युनिफॉर्ममध्ये नव्हता, आधी ओळखला नाही. गाडीत वाटतो त्यापेक्षा ठेंगणा आहे. उद्याची ७.४० ही त्याची या मार्गावरची शेवटची फेरी, मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डेपोत, यार्डात गाड्या लावायचं काम. चहा केला. साखर किती घेतो ते माहीत नव्हतं.

सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. सहा ज्येष्ठ म्हणजे कोण ते. पहिल्यांदा तो कप उचलत होता, दुसऱ्यांदा ठेवत होता.

मग तोच म्हणाला, “एक विचारू साहेब? एवढी वर्षं वरून हात केलात. माझ्या गाडीत तुम्ही कधी बसलाच नाहीत हो.”

मी म्हटलं, तुझ्या गाडीत बघण्यासारखं काही नव्हतं.

मला म्हणायचं होतं ते वेगळंच. तो मात्र मान डोलावून उठला. दारात चपला घालताना म्हणाला, उद्या या, पुढची सीट ठेवतो.

ठराव: उद्या ७.४० ने जायचं. शेवटच्या थांब्यापर्यंत. पुढच्या सीटवर. रस्त्यात सगळं सांगायचं. खाकी शर्ट इस्त्री केला.

२४ एप्रिल. सकाळी ८.०५

क्रमाने लिहितो.

७.३१ ला खाली. थांब्यावर मी एकटा. ७.३६ ला खिसा चाचपला. पास दुसऱ्या शर्टात. खाकी शर्ट रोजचा नव्हे ना.

शिट्टीने मला तसंच बसू दिलं असतं. पण बिनपासाचा प्रवासी मी बत्तीस वर्षांत एकही सोडला नाही, मग स्वतःला कसं सोडू? जिना चढलो. पास सापडला. तेवढ्यात खाली गाडी लागल्याचा आवाज आला. जिना उतरण्यात मिनिट जाणार, म्हणून गॅलरीत धावलो. थांब, मी येतोय, हे सांगायला हात वर केला.

शिट्टीने वर बघितलं. दोन छोटे हॉर्न दिले.

गाडी सुटली. ७.४०, बरोबर.

पुढची सीट वरून दिसते. तिच्यावर टोपी ठेवलेली होती, कोणी बसू नये म्हणून.

२५ एप्रिल

शिट्टीचा फोन नंबर माझ्याकडे नाही. कधी लागलाच नाही. डेपोत विचारता येईल. म्हणजे आधी त्याचं नाव कळायला हवं.

२७ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.५०

धाकटीचा काल फोन आला नाही. मी केला. अकरा वाजून वीस मिनिटांनी. तिला आश्चर्य वाटलं. म्हटलं, खोली रिकामी आहे ना अजून, सहज विचारलं. आहे म्हणाली. मग हवापाण्याचं बोललो.

आज ७.४० ला डबी आली. मी गॅलरीत होतो. हात वर केला. ती सुटायच्या वेळी सुटली. माझ्या हाताशी तिचा संबंध नव्हता.

सूचना पाठवली. या वेळी मुद्दा एकच. गाडीला हॉर्न बसवावा. थांब्यावरून सुटताना दोनदा वाजवावा. छोटा. खाली कोणी नसलं तरी वाजवावा.

चार सेकंद. ‘आपली सूचना मोलाची आहे. आपल्या थांब्यावरून ही मागणी करणारे एकूण नागरिक: १.’

आज त्यांनी माणसं मोजली. आकडा बरोबर आहे.