कानाची भोकं

४ ऑगस्ट

चि. ठकीस, अ. उ. आ.

टाचेमागची कंडरा तुटली, शिवली, त्याला वर्ष होत आलं. चवड्यावर अजून उभं राहता येत नाही. डॉक्टर म्हणाले, सांधलंय, पण नुसता व्रण धरलाय, ताकद नाही. तुझ्या भावजींचं म्हणणं, व्यायाम नीट केले असते तर ही वेळ आली नसती. आता त्याचंही काही वाटत नाही.

शाळेच्या पटांगणात खुर्ची टाकून बसते, शिट्टी फुंकते, मुली धावतात. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलंय, खेळाचा तास सोडून सामानाच्या खोलीत बसाल का म्हणून. महिनाअखेर सांगायचंय. जिन्यात तुझाही घोटा असाच गेला होता, पण तू दोन महिन्यांत पळायला लागलीस. आई म्हणते, ठकी जिद्दीची. असशील बाई.

तुझ्या प्रयोगशाळेतले उंदीर काय म्हणतात? लोभ आहेच, तो असू दे.

तुझी ताई

१५ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेत माझी चांगलीच फजिती झाली. ओळख पटावी म्हणून आम्ही उंदरांच्या कानाला भोक पाडतो. नव्या जातीचे कान टोचले, महिन्याने पाहते तर एकालाही भोक नाही! मला वाटलं विसरलेच, म्हणून सगळे पुन्हा टोचले. साहेब पोट धरून हसले. त्या जातीची भोकं बुजतातच. कंडराही तशीच. जखम सारखी, दाणापाणी सारखं, पण यांची पहिल्यासारखी भरते, दुसऱ्या जातीची व्रण धरून बसते. फरक जन्माचाच.

माणसांतही असे फरक असतात म्हणे, पण उंदरांवरून तुझं काही सांगता येणार नाही. तरी भावजींना म्हणावं, एकदा या आणि आमच्या उंदरांना व्यायाम शिकवा.

पायाला आणि स्वतःला जप. माया ठेव.

ठकी

३० ऑगस्ट

चि. ठकीस, अ. उ. आ.

पत्र वाचून आरशापुढे जाऊन उभी राहिले. आईने आपल्या दोघींचे कान एकाच दिवशी टोचून आणले होते. तुझी भोकं सारखी बुजायची, पुन्हा टोचताना घर डोक्यावर घ्यायचीस. मी कित्येक वर्षांत कानात काही घातलेलं नाही, आणि भोकं आहेत तशीच आहेत. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. नुसती बघत राहिले.

शिट्टी काल बाईंच्या टेबलावर ठेवून आले. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही.

व्यायाम मी एक दिवसही चुकवला नव्हता गं. मी सांगितलं की हे म्हणतात, कारणं सांगतेस. तू एकदा यांना लिही. तुझं ऐकतील, तुझा पाय बरा झालाय.

लोभ ठेवशीलच.

ताई